पाठमोरी कार्डं

"मानवजातीच्या इतिहासात आजवर दोनच क्रांत्या झाल्या," आबासाहेब थिटे म्हणाले. "एक अग्नीची, दुसरी चाकाची. तिसरी आज, या वाचनालयात, आपल्या डोळ्यांदेखत होते आहे. खटावकर, लावा."

खटावकरांनी संगणकाची वायर हातात घेतली आणि भिंतीकडे पाहिलं. प्लग एकच होता. त्यात वृत्तपत्रांच्या टेबलावरचा पंखा लावलेला होता, आणि पंख्याखाली एक सभासद अग्रलेखावर गाल टेकून झोपले होते. ते आजीव सभासद असल्यामुळे त्यांना उठवावं की नाही यावर थोडी चर्चा झाली. शेवटी त्यांना खुर्चीसकट खिडकीच्या वाऱ्याला सरकवण्यात आलं, आणि तिसरी क्रांती सुरू झाली.

ही नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात संगणक घ्यायचं ठरलं होतं. संगणक म्हणजे नुसता डबा. त्यात पुस्तकं शोधण्याची प्रणाली कुठली घालायची हा खरा प्रश्न होता. उमेदवार दोन होते. पुण्याहून खटावकर 'ग्रंथगरुड' घेऊन आले होते. गावातल्या तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या मुजावर सरांनी स्वतः रात्रंदिवस खपून 'शोधिनी' तयार केली होती आणि ती ते फुकट द्यायला तयार होते, त्यामुळे तिच्याकडे सगळे जरा संशयानेच बघत. तिसरा उमेदवार कुणी बोलावलेला नव्हता. तो कोपऱ्यात आधीपासून उभा होता: सागवानी कपाट, छत्तीस खण, अकरा हजार कार्डं, आणि ती सगळी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या देवस्थळीबाई.

वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब थिटे हे वकील. त्यांनी नियम केला की निकाल न्यायाने लागला पाहिजे. महिनाभर आधी दाराशी एक पेटी ठेवण्यात आली. वाचकांनी हवं असलेलं पुस्तक चिठ्ठीवर लिहून टाकायचं. त्यातल्या दहा चिठ्ठ्या काढायच्या, आणि तिघांपैकी जो जास्त पुस्तकं शोधील तो जिंकला. संगणक जिंकला तर कार्डं रद्दीत जाणार, कपाटाच्या जागी संगणकाचं टेबल येणार, आणि बाईंना निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं वृत्तपत्रांच्या टेबलावर काढावी लागणार होती. म्हणजे झोपलेल्या सभासदांना सांभाळत.

परीक्षक म्हणून मला नेमलं. मी विमा कचेरीत नोकरी करून गावच्या साप्ताहिकात 'टेबलाखालून' हा विनोदी स्तंभ लिहीत असे. गावातल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी दुखावलेलं असल्यामुळे माझ्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा मिळणार नाही, असं आबासाहेब सभेत म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मान लववली.

माझ्या मनात काय चाललं होतं ते कुणाला माहीत नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. माझ्या घरी वाचनालयाचं एक पुस्तक होतं. 'मिठागरावरची अकरा वर्षं', लेखक ग. वि. आजरेकर. एक्क्याऐंशी साली "उद्या आणून देतो, नोंद कशाला," असं बाईंना सांगून मी ते नेलं होतं. तो उद्या अठरा वर्षं उगवला नव्हता.

विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. पण मिठाच्या खात्यातल्या त्या अज्ञात कारकुनाचं पुस्तक इतकं नामी होतं, की त्यातल्या मिठाच्या गोणी उचलून तिथे फायली ठेवल्या, आणि त्याच्या मुकादमाला टाय बांधून माझा शाखाधिकारी केला, की माझा पुढच्या आठवड्याचा स्तंभ तयार होई. मला ज्याबद्दल जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, तो कारकून दाजी माझा नव्हताच. तो आजरेकरांचा होता. पुस्तक पुन्हा कधी छापलं गेलं नाही. गावात एकच प्रत होती, आणि ती माझ्या ट्रंकेत होती.

त्यामुळे सुरुवातीलाच खटावकर जेव्हा म्हणाले, "आमच्या गरुडाच्या नजरेतून एक पुस्तक सुटायचं नाही. हरवलेलं पुस्तक स्वतः हात वर करील," तेव्हा माझं मत बनलं. निःपक्षपाती परीक्षकाने त्या क्षणी ठरवलं की काहीही झालं तरी कार्डं जिंकली पाहिजेत.

"बाई, जरा पेन्सिल द्या हो," मी म्हणालो. "गुण मांडायला."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढून दिली. दोन्हीकडून टोक केलेली, बोटभर उरलेली.

पहिली चिठ्ठी निघाली. 'विहिरीत पडलेल्या मास्तरांची कादंबरी.'

"नाव सांगा कादंबरीचं," खटावकर म्हणाले.

"नाव माहीत असतं तर चिठ्ठी कशाला टाकली असती?" मी म्हणालो.

गरुड पुस्तकाच्या नावाच्या पहिल्या शब्दानेच शोधत असे. खटावकरांनी 'विहीर' घातलं. पडद्यावर एक पुस्तक आलं: विहिरींची निगा व दुरुस्ती.

मुजावर सरांच्या शोधिनीचा स्वभाव उलटा होता. ती कुठलाही शब्द कुठेही असला तरी पकडून आणत असे. तिने मास्तरांची चौऱ्याण्णव पुस्तकं आणली. "यात आहे नक्की," मुजावर सर उत्साहाने म्हणाले.

"गावात घर आहे नक्की, असं म्हणून पोस्टमनला पाठवण्यापैकी आहे हे," मी म्हणालो आणि अर्धा गुण कापला. शोधिनीने ज्या तऱ्हेने सगळंच शोधून आणलं होतं, ती मला जास्त धोक्याची वाटली.

देवस्थळीबाई उठल्या, विषयांचा एक खण ओढला, आणि कार्ड काढलं. "त्यात मास्तर पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना मेहुणा ढकलतो. एकशे चाळिसाव्या पानावर."

मी पूर्ण गुण दिला.

बाईंची विषयवारी जगात दुसरीकडे कुठे नव्हती. प्रवासवर्णनांचे त्यांनी दोन भाग केले होते: केलेले प्रवास आणि ऐकलेले प्रवास. आत्मचरित्रं तीन भागांत होती: स्वतःबद्दल, इतरांबद्दल, आणि सरकारबद्दल. मुजावर सरांनी मोठ्या आदराने विचारलं, "बाई, ही वर्गीकरणाची कुठली पद्धत?"

"लोक मागतात ती," बाई म्हणाल्या.

सगळ्याच चिठ्ठ्या त्यांना सोप्या गेल्या असं नाही. 'लग्नानंतर मुलीने वाचावं असं काही' या चिठ्ठीवर त्या म्हणाल्या, "मुलगी कोणाची ते सांगा, मग सांगते." आबासाहेबांनी हरकत घेतली की हा साक्षीदाराला पढवण्याचा प्रकार आहे, आणि गुण गेला. त्याच चिठ्ठीवर शोधिनीने एकसष्ट पुस्तकं आणली. पहिलं होतं, घटस्फोटाचा कायदा, प्रश्नोत्तररूपाने.

"क्रम मी अजून लावलेला नाही," मुजावर सर म्हणाले.

"तिने लावलाय," आबासाहेब म्हणाले.

नऊ चिठ्ठ्या झाल्या. कार्डं सहा, शोधिनी साडेतीन, गरुड दोन. एक चिठ्ठी शिल्लक. कार्डं हरणं आता शक्य नव्हतं. बाईंनी कपाटावरची धूळ पदराने पुसली. मलाही सुटल्यासारखं वाटलं. न्याय माझ्या फायद्याच्या बाजूने जात असला की तो किती स्वच्छ दिसतो, यावर एक स्तंभ लिहावा असंही मनात आलं. आजरेकरांनी त्यावर काही लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

आबासाहेबांनी दहावी चिठ्ठी उघडली. "मिठागरातल्या एका कारकुनाचं पुस्तक आहे," त्यांनी वाचलं. "फार दिवस झाले. शेवट वाचायचा राहिला आहे."

मी पेन्सिलीकडे बघत राहिलो.

गरुडाने 'मीठ' शोधलं. काही नाही. शोधिनीने मीठ, मिठागर, कारकून, सगळं शोधून पाहिलं. तिने मिठाच्या गुळण्यांवरचं एक घरगुती औषधाचं पुस्तक आणलं. "असं पुस्तक या वाचनालयात नाही," खटावकर ठामपणे म्हणाले. "दोन्ही प्रणालींचं एकमत आहे."

यंत्रावर माझं इतकं प्रेम पूर्वी कधी बसलं नव्हतं. "मग दहावी चिठ्ठी बाद," मी म्हणालो. "चला, निकाल—"

"आहे," देवस्थळीबाई म्हणाल्या.

त्या 'आ'च्या खणाशी गेल्या. कार्डांवरून बोट फिरलं आणि थांबलं. त्यांनी एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मिठागरावरची अकरा वर्षं, आजरेकर ग. वि., पाने दोनशे चौदा, एक नकाशा. शाई किंचित फिकी झाली होती.

"मग आमच्याकडे कसं नाही आलं?" मुजावर सरांना खरंच नवल वाटलं. दोन्ही प्रणालींसाठी कार्डांवरून माहिती टाइप करण्याचं काम खटावकरांच्या माणसांनी केलं होतं. "ही सगळी कार्डं टाइप केली होती ना तुम्ही?"

"सरळ होती तेवढी केली असतील," बाई म्हणाल्या. "हे पाठमोरं होतं."

"म्हणजे?"

"पुस्तक गेलं आणि परत आलं नाही, की कार्ड काढून टाकत नाही मी. फिरवून ठेवते. भिंतीकडे तोंड करून. पाठीवर ज्याने नेलं त्याचं नाव लिहिते. पेन्सिलीने. परत आलं तर खोडता येतं."

खटावकरांनी खण ओढून पाहिला. मग दुसरा. "अहो, ही कार्डं आमच्या लोकांनी सोडली," ते म्हणाले. "त्यांना वाटलं, ही विभाग पाडायची कार्डं असणार. वर नुसती नावं होती. अक्षरांची असतात ना मध्ये मध्ये, क, ख, ग, तशी."

"किती आहेत अशी?" मुजावर सरांनी विचारलं.

"तीनशे बारा."

मुजावर सर साधा माणूस. त्यांना शोधायची आवड होती, काय सापडेल याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी कायद्याचा खण पुढे ओढला आणि कार्डांवरून अंगठा फिरवला. "थिटे," त्यांनी वाचलं. "थिटे. थिटे. हे पुन्हा थिटे. बाई, हा थिटे नावाचा विभाग आहे का?"

वाचनालयात एवढी शांतता नियमावलीत लिहिलेली आहे, पण मी ती पहिल्यांदाच ऐकली. खिडकीजवळचे आजीव सभासदसुद्धा जागे झाले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, आणि चप्पल पायात सरकवून हळूच बाहेर पडले.

आबासाहेब घसा साफ करून म्हणाले, "हे कोण्या एका थिट्यांबद्दल नाही. तत्त्वाचा मुद्दा आहे. परीक्षा पुस्तकं शोधण्याची होती. माणसं शोधण्याची नव्हती."

"पण पुस्तक माणसाकडेच असतं ना," मुजावर सर म्हणाले.

"ते पुराव्यात येत नाही."

मग आबासाहेबांचं लक्ष टेबलावरच्या त्या एका कार्डाकडे गेलं. ते सरळ ठेवलेलं होतं. पाठ टेबलाला टेकलेली. "आणि हे?" त्यांनी सहज हात पुढे केला. "हे कोणाकडे आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाचक काउंटरवर येऊन उभा राहिला की 'बोला' अशा अर्थाने त्या पाहत असत, तसं पाहिलं. मग कार्ड उचललं आणि खणात ठेवलं. पाठमोरं नाही, सरळ. आता ते इतर कार्डांसारखंच दिसत होतं.

"अक्षर पुसट झालंय," त्या म्हणाल्या. "वाचता येत नाही."

मी श्वास सोडला. मी तिथेच उभं राहून सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मुजावर सर आनंदाने म्हणाले, "आबासाहेब, आठ दिवस द्या. ही तीनशे बारा कार्डं मी शोधिनीत चढवतो, मागच्या नावांसकट. मग नाव घातलं की कोणाकडे काय आहे, एका क्षणात. पुसट अक्षरं मी भिंगाने वाचीन."

मी तोंड मिटलं.

"खटावकर," आबासाहेबांनी विचारलं, "तुमच्या गरुडात नेणाऱ्याच्या नावाचा रकाना आहे का?"

"नाही साहेब. पण घालून देता येईल."

"कशाला उगाच," आबासाहेब म्हणाले. "सबनीस, तुम्ही परीक्षक. तुमचा अहवाल उद्यापर्यंत मिळू दे. गुणच सगळं ठरवतात असं नाही. समग्र विचार करा."

मी समग्र विचार केला. तो अहवाल मी आजवर लिहिलेल्या विनोदी लेखनात सगळ्यात वरचा आहे, आणि त्यातला एकही शब्द आजरेकरांचा नाही. मी लिहिलं, की कार्डपद्धतीत गरजेपेक्षा जास्त माहिती साठवली जाते आणि त्यामुळे शोधणाऱ्याचं लक्ष विचलित होतं. शोधिनी अतिशय कष्टाळू आहे, पण वाचनालयाला कष्टाची नव्हे, संयमाची गरज आहे. ग्रंथगरुडात फक्त जागेवर असलेल्या पुस्तकांची नोंद आहे; म्हणजे त्याच्या मते या वाचनालयाचं एकही पुस्तक कधी हरवलेलं नाही, आणि संस्थेच्या लौकिकाला याहून पोषक प्रणाली मिळणं कठीण. ज्याला सगळ्यात कमी सापडलं, त्याची शिफारस मी तीन पानी केली. कार्यकारिणीने ती एकमताने मंजूर केली. सात जण होते. मुजावर सरांच्या अंगठ्याने अजून चार खण ओढले असते तर सातही जणांचे विभाग सापडले असते, असं मला पुढे कळलं.

बुधवारी संध्याकाळी मी वाचनालयात गेलो. कपाट रिकामं झालं होतं. कार्डांची पोती दाराशी लावून ठेवली होती. देवस्थळीबाई टेबलाशी बसून कापडी पिशवीत काही कार्डं भरत होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "अहवाल वाचला. भाषा चांगली आहे."

"बाई, ती कार्डं घेऊन कुठे निघालात?"

"ही पाठमोरी. रद्दीवाल्याला पाठीवर लिहिलेली नको होती. तो म्हणाला, कोरी असतील तर जास्त उपयोगी." त्यांनी रबर लावून एक गठ्ठा बांधला. बराच जाड होता. त्यावर कोणाचं नाव होतं ते मी विचारलं नाही.

मी खुर्ची ओढून बसलो. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "अठरा वर्षं."

"कार्ड मीच फिरवलं होतं."

"तरी कधी मागितलं नाहीत."

"मागायला आले होते एकदा. त्र्याऐंशी साली. तुम्ही घरी नव्हता. ओट्यावर साप्ताहिक पडलं होतं, ते वाचत बसले. तुमचा लेख होता. कारकून वरिष्ठाच्या छत्रीत मीठ ओततो, असा काहीसा."

"पेपरपिन्स," मी म्हणालो. "मी पेपरपिन्स केल्या होत्या."

"हो, पिना. पण मिठाशिवाय छत्री उघडताना डोक्यावर तशी सर पडणार नाही, हे कळतंच की. मग मी पुस्तक मागितलं नाही. दर शनिवारी साप्ताहिक वाचायला लागले. पिना काढायच्या, मीठ घालायचं. निम्म्याच्या वर वाचून झालं माझं तसं."

मला एकदम ती दहावी चिठ्ठी डोळ्यांसमोर दिसली. "चिठ्ठी तुम्ही टाकली होती?"

"पेटी सर्व वाचकांसाठी होती. मीही वाचकच. पुस्तक आलं त्या आठवड्यात कार्ड केलं, वाचीन म्हणून ठेवलं, तर तुम्ही नेलंत." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. "चिठ्ठी टाकली तेव्हा परीक्षक ठरलेला नव्हता. ठरल्यावर काढून घेणार होते, पण पेटीला कुलूप. किल्ली आबासाहेबांकडे."

"ती निघाली नसती तर कार्डं राहिली असती."

"राहिली असती," त्या म्हणाल्या. एवढंच.

बाहेर रद्दीवाल्याची हातगाडी आली. त्याने पहिलं पोतं उचललं, तेव्हा त्या उठल्या नाहीत. वळूनही पाहिलं नाही. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "शेवटी काय होतं हो त्या कारकुनाचं? तुमच्या लेखांत आलंच नाही ते."

"शेवटचं प्रकरण मी वापरलं नाही."

"का?"

"ते विनोदी नाही."

त्यांनी मान हलवली. "मग तेवढं वाचायला द्या मला. उद्या द्या असं म्हणत नाही, उद्या तुमचा कसा असतो ते ठाऊक आहे. पण द्या. वाचनालयात जमा करू नका, गरुडाच्या लेखी ते पुस्तकच नाही, ठेवणार कुठे? मी आठ दिवसांत वाचून तुम्हाला परत करीन."

'परत' हा शब्द त्यांनी काही जोर न देता म्हटला. मला मात्र राहवेना. मी उभा राहिलो. म्हणालो, "बाई, मी तुमचा अपराधी आहे. तुमची अकरा हजार कार्डं मी एका पुस्तकापायी घालवली. त्या माणसाचं लिहिणं लुटलं, तुमचं वाचणं लुटलं. मी येत्या शनिवारी साप्ताहिकात सगळं कबूल करतो. आजरेकरांचं नाव छापतो, तुमचं नाव छापतो, माझा पुरस्कार—"

"सबनीस," त्या मध्येच म्हणाल्या, "ते सावकाशीने बघा. रविवारपासून माझी पेन्सिल तुमच्या खिशात आहे, ती तेवढी ठेवून जा."